थॅलेसेमिया, लग्न आणि जीनची टेस्ट: सोलापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन बनवताच येत नाही. आठ महिन्यांचा असताना कळलं, तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो आम्ही. मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेय आणि घरी ब्लाउज शिवते, पण इतकी वर्षं त्या वॉर्डात बसून, डॉक्टरांना विचारून विचारून आणि स्वतः वाचून जे समजलं ते आता लोक मला विचारतात. रात्री ११ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो येतो आणि खाली फक्त "ताई हे काय आहे". कुणाच्या मुलीची सुपारी फुटलेली असते, कुणाच्या सुनेला तिसरा महिना असतो. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. औषध, डोस हे डॉक्टरांनाच विचारा. मी लिहिलंय ते टेस्टच्या आजूबाजूचं, म्हणजे रिपोर्ट आल्यावर घरात काय होतं, लग्नात काय होतं, सही करताना काय बघायचं, ते.

मायनर म्हणजे आजारी का?

नाही. मायनर म्हणजे कॅरियर. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, मायनरमध्ये त्यातली एकच बिघडलेली असते आणि दुसरी काम भागवते. माणूस ठणठणीत असतो, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी. भारतात साधारण १०० माणसांत तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे मायनर आहेत आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताच नसतो. मलाही नव्हता. पहिल्या बाळंतपणात हिमोग्लोबिन ९ होतं, एका दवाखान्यात नऊ महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, "खात जा जरा नीट, पालक खा" म्हणाले, आणि एचबी ए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, त्याची टेस्ट कुणी सांगितलीच नाही. साध्या सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या टेस्टच्या) रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ८०च्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) २७च्या खाली आणि तरी लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, असं दिसलं तर एवढंच विचारा: "डॉक्टर, एचपीएलसी करायची का?" हे वाक्य मला कुणी आधी शिकवलं असतं तर!

एचपीएलसी म्हणजे डीएनए टेस्ट का?

तशी नाही. ती रक्तातलं हिमोग्लोबिन कोणकोणत्या प्रकारचं आणि किती आहे ते मोजते. एचबी ए-टू ३.५ ते ४ टक्क्यांच्या वर गेलं की बहुतेक वेळा मायनर. म्हणजे जीन न बघता जीनबद्दल कळतं. नेमका बिघाड कुठे आहे ते बघायला डीएनए टेस्ट लागते, ती पुढची पायरी, आणि पोटातल्या बाळाची तपासणी करायची असेल तर तिच्याशिवाय चालत नाही.

दोघंही मायनर असले तर सगळी मुलं आजारी होतात का?

आमच्या शेजारच्या मावशी विड्या वळतात. त्यांच्या सुनेचा आणि मुलाचा रिपोर्ट एकाच दिवशी आला, दोघंही मायनर, आणि मावशी मांडीवर सूप घेऊन तशाच बसून राहिल्या. मी माझ्या शिवणाच्या डब्यातून लाल दोऱ्याचे दोन तुकडे आणि पांढऱ्याचे दोन आणले. एका मुठीत एक लाल एक पांढरा, ही आई. दुसऱ्या मुठीत तसंच, हा बाप. म्हटलं डोळे मिटा आणि दोन्ही मुठींतून एकेक ओढा. दोन्ही पांढरे आले तर मूल एकदम चांगलं, एक लाल एक पांढरा आला तर आईबापासारखं मायनर, दोन्ही लाल आले तर मेजर. मावशींनी चारदा ओढलं आणि चारांत दोनदा लाल-लाल आलं. त्या माझ्यावरच चिडल्या, "चारांत एक म्हणालीस ना गं!" तेच तर दाखवायचं होतं मला. दरवेळी ओढलेला दोरा परत मुठीत जातो आणि डाव नव्याने सुरू होतो, प्रत्येक बाळंतपणाला २५ टक्के मेजर, ५० टक्के मायनर, २५ टक्के निरोगी. पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली असं होत नाही, आणि पहिलं चांगलं झालं म्हणजे धोका टळला असंही नाही. हा गैरसमज मी डिग्रीवाल्या घरांतही बघितलाय.

दोष नेमका कुणाचा असतो?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारी बहुतेक सासरी बसलेली बाई असते.

आमच्या घरचं सांगते. माझे मिस्टर माझे आतेभाऊ, म्हणजे सासू ही माझी सख्खी आत्या. लहानपणी मला कडेवर घेऊन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला नेणारी. पण मुलाचा रिपोर्ट आल्यावर तीच म्हणाली, "आमच्याकडे असलं काही नव्हतं." माझी आई निमूट ऐकत होती. मग डॉक्टरांनी दोन्हीकडच्या सगळ्यांची एचपीएलसी करायला लावली. माझे वडील मायनर निघाले, आणि आत्याही. एचबी ए-टू ५.१. तिने रिपोर्ट हातात धरून ठेवला, चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि म्हणाली, "म्हणजे हे अण्णांकडून आलं का आईकडून?" अण्णा म्हणजे माझे आजोबा. दोघंही आता नाहीत, कुणाकडून आलं ते कधीच कळणार नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात दोष हा शब्द निघाला नाही, पण आधीचे ते चार महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत.

तर उत्तर हे: मेजर व्हायला दोन्हीकडून एकेक प्रत यावीच लागते. एकट्या आईमुळे थॅलेसेमिया मेजर होऊच शकत नाही. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा) किंवा डुशेन (स्नायूंचा) अशा आजारांत जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, तिथे बहुतेकदा तो आईकडून मुलाकडे जातो, आणि अशा घरांत बायकांना फार बोललं जातं. पण आपल्याला कुठला जीन मिळाला आणि आपण कुठला पुढे दिला हे कुणाच्याच हातात नसतं. ज्याच्यावर माणसाचा ताबाच नाही त्याचा दोष कसला? रिपोर्टच्या माथ्यावर नाव एकाचं असतं, पण तो कागद सगळ्या घराचा असतो.

आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत आहे. ते बंद करायचं का?

सोलापुरात हा प्रश्न येणारच. इथे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं एकाच गल्लीत आहेत, मामा-आत्याच्या मुलांची लग्नं बऱ्याच समाजांत होतात, काहींत चुलत भावंडांचीही, आणि काही तेलुगू-कन्नड घरांत मामा-भाचीचं लग्नही रीतीने होत आलंय. हिंदू विवाह कायदा १९५५चा, त्यात अशी जवळची नाती मनाई केलेल्यांत आहेत, पण तशी रूढी असेल तर सूट आहे.

हिशोब असा. सख्ख्या आतेमामे भावंडांचे जीन साधारण आठवा हिस्सा सारखे असतात, मामा-भाचीचे चौथा हिस्सा. एकच बिघडलेला जीन दोघांकडे असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. नात्यात नसलेल्या जोडप्यांत १०० बाळांमागे दोन-तीन बाळांना जन्मतः काहीतरी गंभीर त्रास असतो, आतेमामे भावंडांच्या लग्नात तेच साधारण चार ते सहा होतं. म्हणजे धोका दुप्पट होतो, पण ९४-९५ मुलं चांगलीच जन्मतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात.

माझं मत विचाराल तर मी माझ्या लग्नाला चूक म्हणणार नाही. आत्याच्या घरी मुलगी दिली की ती परक्यात जात नाही, शेत वाटलं जात नाही, हुंड्याची घासाघीस होत नाही, हे विचार करून आपल्या लोकांनी ती पद्धत ठेवली होती आणि शहरातून येऊन कुणी "मागासलेले" म्हटलं की मला राग येतो. पण नात्यात करायचंच असेल तर टेस्ट करूनच करा. आमच्या वेळी १००० रुपयांच्या आतबाहेरची एक टेस्ट कुणी करायला सांगितली असती तर निदान डोळे उघडे ठेवून निर्णय घेतला असता.

लग्नाआधी टेस्ट करायला सांगितली तर स्थळ मोडेल. कसं सांगायचं?

पत्रिका मागताना लाजत नाही ना कुणी? पण एवढं बोलून मी सुटत नाही, कारण भीती खरी आहे, आणि ती मुलीच्या घरालाच जास्त असते. मुलगा मायनर निघाला तर "काही नाही हो, मायनरच आहे", आणि मुलगी मायनर निघाली तर "मुलीत खोट आहे". मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मी लोकांना असं सांगते. स्थळं बघायला सुरुवात व्हायच्या आधीच, कॉलेजच्या वयात, स्वतःची टेस्ट करून घ्या. तुम्ही मायनर नसाल तर थॅलेसेमियापुरता विषय तिथेच संपला, समोरच्याला विचारायचीही गरज नाही. मायनर असाल तर समोरच्याची टेस्ट मागायची, आणि ती साखरपुड्याच्या आधी मागायची, हॉल बुक झाल्यावर नाही. आणि दोघांनी एकत्र जाऊन करायची म्हणजे बोट एकाकडेच जात नाही. आणि रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा रिपोर्ट एका लॅबने तिच्या होणाऱ्या दिराच्या हातात दिला, का तर तो गाडी घेऊन तिकडून जात होता म्हणून. तिच्या आधी सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कळलं.

दोघंही मायनर निघाले तर लग्न मोडायलाच पाहिजे असं नाही. पोटातल्या बाळाची तपासणी आहे, आयव्हीएफमध्ये आधीच गर्भ तपासायची सोय आहे (खर्च लाखांत), दत्तक आहे, आणि मूल नको असंही ठरवता येतं. काहीजण लग्न करत नाहीत, तेही मी समजू शकते. फक्त तो निर्णय त्या दोघांचा असू द्या, मोठ्या काकांचा नको.

हा अमुक जातीचा आजार आहे असं ऐकलं. खरंय का?

अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यानेच नुकसान होतं. शेकडो वर्षं आपापल्यातच लग्नं झाली की एखाद्या पूर्वजाचा बिघडलेला जीन त्या गटात घोळत राहतो. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ ज्यात होते तो २०१७चा अभ्यास आहे, दक्षिण आशियातले २६३ गट बघितले, त्यातल्या ८१ गटांत हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षाही जास्त दिसला. फिनलंडमध्ये या कारणाने होणाऱ्या आजारांवर वेगळा अभ्यास होतो, वेगळ्या टेस्ट आहेत, आपल्याकडे तेवढं काम अजून व्हायचंय.

याचा उपयोगही होतो. आर्य वैश्य समाजात काही जणांच्या शरीरात भुलीच्या वेळी देतात ते एक औषध, सक्सिनिलकोलीन, लवकर उतरत नाही, आणि हे माहीत असलेला भूलतज्ज्ञ आधी विचारून दुसरं औषध वापरतो. जीव वाचतो. थॅलेसेमिया सिंधी, पंजाबी, गुजरातेतल्या लोहाणा अशा काही समाजांत जास्त सापडतो हेही खरं. पण म्हणून "त्यांचा आजार" म्हटलं की दोन गोष्टी होतात, त्यांच्या मुलींची स्थळं अडतात आणि बाकीचे निर्धास्त होऊन टेस्टच करत नाहीत. आम्ही त्या कुठल्याच यादीत नव्हतो. सिकल सेलसाठी (हाही आईबापांकडून येणारा हिमोग्लोबिनचाच आजार) २०२३च्या १ जुलैला केंद्राने मोठी मोहीम सुरू केली, मुख्यतः आदिवासी भागांत ७ कोटी लोकांची तपासणी करायची, त्यात कार्ड देतात, लग्न ठरवताना कामाला यावं म्हणून. चांगलंच आहे ते, पण कार्ड बघून पोरीला नाकारलं जाऊ नये यासाठी गावात कोण बोलणार हे पण बघायला हवं ना.

माझा रिपोर्ट मी भावाला, चुलत्यांना सांगायलाच हवा का?

कायद्याने तुमच्यावर सक्ती नाही, आणि डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय नातेवाईकांना सांगू शकत नाहीत. पण तुम्ही मायनर असाल तर सख्ख्या भावाबहिणीला असण्याची शक्यता निम्मी असते. त्यांना पोरंबाळं व्हायची असतील आणि तुम्ही गप्प राहिलात तर? मी माझ्या धाकट्या भावाला सांगितलं, तो म्हणाला मला बघायचंच नाही. तोही त्याचा हक्क आहे, न जाणून घ्यायचा, मी भांडले नाही. पण लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला एवढं तरी सांग की आमच्या घरात हे आहे, टेस्ट तू ठरव, असं म्हटलं. त्याने सांगितलं. तिने दुसऱ्याच दिवशी स्वतःची करून घेतली, निगेटिव्ह आली, आणि त्याची न करताच प्रश्न मिटला.

पोटातल्या बाळाची टेस्ट म्हणजे गुन्हा नाही का?

लिंग बघणं आणि सांगणं गुन्हा आहे. १९८८ला महाराष्ट्रानेच याबद्दल देशातला पहिला कायदा केला, मग १९९४चा केंद्राचा पीसीपीएनडीटी आला. पण त्याच कायद्यात जनुकीय आजारांसाठी नोंदणी असलेल्या सेंटरवर तपासणी करायला परवानगी आहे. लोक घाबरून उशीर करतात आणि आठवडे निघून जातात. दोघं मायनर असाल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अगदी छोटा तुकडा काढून तपासतात, किंवा १६व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून. गर्भपात व्हायचा धोका १०० मागे एक किंवा त्याहून कमी. म्हणून दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला एचपीएलसी, पाचव्या महिन्यात नाही. बाळाला गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाच्या परवानगीने गर्भपाताची तरतूद २०२१च्या दुरुस्तीत आहे, पण तिथपर्यंत जाऊच नये, ते शरीराला आणि मनाला फार जड जातं.

मग तुमचा मुलगा जन्मायला नको होता असं म्हणायचंय का?

हे मला एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, वाईट हेतूने नाही. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, आता लिहिते.

माझा मुलगा मला हवा आहे, होता आणि राहील. तो चौथीत असताना त्याने भुईकोट किल्ल्याचं थर्माकोलचं मॉडेल केलं होतं, सुईची पट्टी हाताला असताना, डाव्या हाताने. त्याच्याशिवायचं घर मी मनात आणूच शकत नाही. आणि दुसऱ्या वेळी दिवस राहिल्यावर मी १२व्या आठवड्यात मुंबईला जाऊन टेस्ट केली, आणि मेजर असेल तर थांबवायचं असं मी आणि मिस्टरांनी आधीच ठरवलं होतं. दोन्ही खरं आहे. मी त्याला दर रात्री गोळी देते, सारखं रक्त चढवून लोह साठू नये म्हणून, आणि त्याच्या फेरिटिनचा, म्हणजे लोह किती साठलंय त्याचा आकडा यायच्या दिवशी माझ्या पोटात गोळा येतो, अजून एका लेकराला मी हे देणार नव्हते आणि दोघांना पुरेल एवढं बळही आमच्यात नव्हतं. मुलगी झाली, मायनर आहे.

माझ्या ओळखीत एकीने टेस्टच केली नाही, जे येईल ते माझं म्हणाली. तिला कुणी वेडी म्हणालं तर मी ऐकून घेत नाही. मला राग याचा येतो की टेस्ट आहे म्हणून आता मेजर मूल झालं की लोक विचारतात, "तपासलं नव्हतं का?" जणू मूल म्हणजे आईची चूक. टेस्ट वाढतील तशी रक्ताची, औषधांची सोय कमी करायला कुणाला निमित्त मिळू नये. थॅलेसेमिया २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, सरकारी रक्तपेढीतून या मुलांना रक्त मोफत मिळतं, ते तसंच राहायला पाहिजे, शेवटचं मूल असेपर्यंत.

पहिल्याला वाचवायला दुसरं मूल जन्माला घालणं बरोबर आहे का?

बोनमॅरो ट्रान्सप्लांट केलं, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज दुसऱ्याकडून घेतला, तर मेजर बरा होऊ शकतो, पण त्याला एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळाव्या लागतात, सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता २५ टक्के. अहमदाबादच्या एका कुटुंबात २०१८ साली आयव्हीएफमध्ये तपासून, भावाशी जुळणारी मुलगी जन्माला आली आणि २०२०मध्ये तिच्या बोनमॅरोने भाऊ रक्त चढवण्यातून सुटला. बातमी वाचून मी खूप रडले होते, आनंदाने आणि हेव्यानेही. पण त्या चिमुरडीला कुणी विचारलं होतं का, असं मनात येतंच. आमच्या मुलीचं जुळलं नाही. ते कळलं तेव्हा तिला जवळ घेऊन बसले होते, कारण एका पाहुण्यांनी तिच्यासमोरच म्हटलं, "अरेरे, मग उपयोग काय झाला?" ती उपयोगासाठी जन्मली नाहीये.

लहान मुलांची पण टेस्ट करून घेऊ का, एकदाच सगळं कळेल?

आजार असल्याचा संशय असेल तर लगेच. पण निरोगी मूल नुसतं मायनर आहे का हे बघायची घाई नको, मोठं झाल्यावर त्याचं त्याला ठरवू द्या. मोठेपणीच होणारे आजार, म्हणजे काही कॅन्सर, काही मेंदूचे, त्यांच्याबद्दल तर १८ वर्षांपर्यंत थांबायचं असंच तज्ज्ञ सांगतात, लहानपणीच काही उपचार करण्यासारखा असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या मुलीचं आम्हाला आधीच कळलंय, त्याला इलाज नव्हता, पण ती १८ची होईपर्यंत नातेवाईकांत सांगायचं नाही असं ठरवलंय. इथे नाव लिहिलं नाही ते त्याचमुळे.

टॅलेंटची डीएनए टेस्ट असते ना, मूल डॉक्टर होईल का क्रिकेटर ते कळतं?

पैसे वाया. तेवढ्यात वर्षभर दूध-अंडी होतील.

लॅबमध्ये इंग्रजी फॉर्मवर सह्या घेतात. कशावर सही करतोय ते कसं कळणार?

विचारायचं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेची २०१७ची नियमावली म्हणते की संशोधनासाठी नमुना घेताना संमती माणसाला समजेल त्या भाषेत घ्यायची. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही माहिती कशासाठी घेताय ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत बघायचा पर्याय आहे, म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं आलं. तो कायदा हळूहळू लागू होतोय, पण मागायला आजपासून हरकत नाही. तीन गोष्टी विचारा: उरलेल्या रक्ताचं काय करणार, माझी माहिती दुसऱ्या कुणाला देणार का, आणि मला नको असेल तर पुसता येईल का.

हे मी उगाच सांगत नाही. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनजवळ हवासुपाई म्हणून आदिवासी राहतात, त्यांनी डायबेटिसच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, आणि तेच रक्त मानसिक आजार आणि त्यांचे पूर्वज कुठून आले हे शोधायलाही वापरलं गेलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते त्याच दरीतले. शेवटी २०१०ला विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले. आणि ट्वेंटी-थ्री-अँड-मी ही लाळ तपासणारी मोठी कंपनी, २०२३मध्ये तिथून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली आणि २०२५ला कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली. एटीएमचा पिन बदलता येतो, जीन बदलता येत नाही, आणि त्यात तुमच्या भावाबहिणीचीही माहिती असते ज्यांनी सहीच केलेली नाही.

पण द्यायचंच नाही असंही माझं म्हणणं नाही. जगातला जीनचा बहुतेक डेटा गोऱ्या लोकांचा आहे, म्हणून आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये बऱ्याचदा "अर्थ निश्चित नाही" असा शेरा येतो. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचलेत, तो डेटा सरकारी केंद्रात फरिदाबादला आहे, असं काम व्हायलाच हवं, आपल्यालाही त्यात मोजलं जायला हवं. फक्त विचारून.

इन्शुरन्सला कळलं तर?

अमेरिकेत २००८पासून कायदा आहे, जीनवरून आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारता येत नाही. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. २०१८ला दिल्ली हायकोर्टाने एका हृदयविकाराच्या केसमध्ये म्हटलं की "जनुकीय आजार" असं सरसकट लिहून क्लेम नाकारणं समानतेच्या विरुद्ध आहे, कारण तसं बघितलं तर हार्ट, डायबेटिस, कशात जीन नसतो? पुढे तो वाद सुप्रीम कोर्टातही गेला. मी एवढंच सांगते, फॉर्ममध्ये खोटं लिहू नका, आणि मायनर हा आजार नाही हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन ठेवा.

क्रिस्परने बरं होतं म्हणे?

होतंय. क्रिस्पर म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायची पद्धत. तिच्यावरच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मंजुरी मिळाली, कॅसजेव्ही नाव, सिकल सेल आणि थॅलेसेमिया दोन्हीसाठी. बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन बनतं आणि जन्मानंतर एक जीन ते बंद करतो, त्या बंद करणाऱ्या जीनचंच बटण कापून टाकतात, मग जुनं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं. किती सुंदर आहे हे. आणि अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटींच्या वर. दिल्लीची आयजीआयबी ही सरकारी संस्था सिकल सेलसाठी आपल्या देशातच क्रिस्परचा उपचार तयार करतेय, मी त्याच्या प्रत्येक बातमीकडे डोळे लावून असते. तोपर्यंत, जुळणारा दाता असेल तर बोनमॅरोसाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते, डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

कुलदैवताचं काही राहिलंय म्हणतात घरचे.

जाऊन या तुळजापूरला, ओटी भरा, मीही भरते. येताना एचपीएलसीला रक्त देऊन या.

सोलापुरात हे सगळं होतं का?

एचपीएलसीचा नमुना इथल्या बऱ्याच लॅब घेतात, सिव्हिलमध्येही चौकशी करा. जेनेटिक काउन्सिलर शोधायला मात्र पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं, ज्या शहरात चार भाषा बोलतात तिथे हे समजावणारं माणूस नसावं याचं मला फार वाईट वाटतं. पोटातल्या बाळाच्या तपासणीसाठी मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्ताच्या आजारांची संस्था आहे. आम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री बसलो आणि सकाळी पोचलो. जाताना दोघांचेही जुने रिपोर्ट, आधारकार्ड आणि पहिल्या मुलाची फाईल घ्या, आम्ही फाईल विसरलो होतो, दिराने पानापानाचे फोटो काढून पाठवले.

मुलाला हे सगळं किती सांगायचं?

विचारेल तेवढं. गेल्या वर्षी त्याने विचारलं, "माझ्या मुलांना पण होईल का?" म्हटलं तुझ्याकडून एक लाल दोरा नक्की जाणार, दुसरा कुठून येतो त्याच्यावर आहे, म्हणून तुझ्या बायकोची टेस्ट आधी करायची. तो म्हणाला बायको नको. मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण तिला मी सांगीन, तू सांगू नकोस." बरं म्हटलं. आता रक्ताची पिशवी आली की तिच्यावरचा ग्रुप आणि नंबर तोच मोठ्याने वाचतो, सिस्टर फाईलशी ताडून बघतात, आणि मगच सुई.